सब्जेक्ट म्हणजे कर्ता नव्हे

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला फळ्यावर जे काही लिहिलं जातं, त्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य माझ्या मते हे आहे: 'सब्जेक्ट म्हणजे कर्ता.' त्याच्याखाली लगेच कृती येते. क्रियापदाला 'हू' लावून प्रश्न विचारा, उत्तर येईल तो सब्जेक्ट, उरलेलं सगळं प्रेडिकेट. मधे एक उभी रेघ मारा. दोन मार्क.

दोन मार्कांपुरतं हे चालतं, कारण पेपरातली वाक्यं त्या रेघेच्या मापानेच शिवलेली असतात. 'दि बॉय प्लेज क्रिकेट.' 'माय सिस्टर सिंग्ज वेल.' एक मुलगा, एक बहीण, एक शेतकरी, एक कुत्रा, आणि प्रत्येक जण काहीतरी करतोय. ही वाक्यं संपून खरं इंग्रजी समोर येतं ते बहुतेकांच्या बाबतीत अकरावी सायन्सला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तिथे रेघ कुठे मारायची ते कळेनासं होतं. मग घरचे, सर, आणि पुढे एचआर, सगळे मिळून एकच निदान करतात की याचं इंग्लिश कच्चं आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्या वयाच्या मुलांनी दहावीपर्यंत दहा वर्षं हा विषय शिकलाय. दहा वर्षांनी एवढ्या सगळ्यांचं एकाच जागी अडत असेल, तर पोरांची हुशारी तपासण्याआधी त्यांना काय शिकवलं ते तपासायला नको का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भाषाशास्त्राचा माणूस नाही. पण माझ्या नोकरीतला अर्धा वेळ इंग्रजी वाचण्यात जातो. स्पेक, टिकेट, एपीआयचं डॉक्युमेंटेशन, कुणीतरी रात्री दोनला लिहिलेला मेल. कोड कसा लिहायचा हे शिकायला चार वर्षं मिळाली; काय लिहायचंय ते ज्या वाक्यात सांगितलेलं असतं ते वाक्य कसं फोडायचं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही, कारण ते शाळेत झालंय असं गृहीत धरलं होतं. शाळेत झालं होतं काय, तर ती उभी रेघ.

आधी हा 'हू'वाला नियम किती पाण्यात आहे ते बघू. 'दि विंडो वॉज ब्रोकन बाय रवी.' हू ब्रोक? रवी. नियमाने सब्जेक्ट रवी. खरा सब्जेक्ट आहे 'दि विंडो', जिने काहीही केलेलं नाही, बिचारी फुटलीय. 'इट इज रेनिंग.' हू इज रेनिंग? या प्रश्नाला काही अर्थच नाही. 'देअर आर थ्री मँगोज ऑन दि टेबल.' कोण काय करतंय? आंबे पडून आहेत. 'नोबडी केम.' कोण आलं? कुणीच नाही. मग कर्ता कोण, कुणीच नाही?

गाइडं यावर ठिगळ लावतात. कर्त्याची व्याख्या सोडून 'ज्याच्याविषयी बोललं जातं तो सब्जेक्ट' अशी दुसरी व्याख्या देतात. तीही टिकत नाही. 'नोबडी केम' हे वाक्य 'कुणीच नाही' या माणसाविषयी आहे? 'इट इज रेनिंग' हे 'इट'विषयी आहे? बाहेर पाऊस पडतोय, वाक्य पावसाविषयी आहे, आणि पावसाला तर इथे क्रियापदाच्या पोटात ढकललंय.

माझं म्हणणं असं की इंग्रजीतला सब्जेक्ट ही एक खुर्ची आहे. वाक्यात ठरलेल्या जागी ठेवलेली, बहुतेक वेळा क्रियापदाच्या लगेच आधी. तिच्यात कोण बसलंय याच्याशी व्याकरणाला फारसं देणंघेणं नाही. करणारा बसेल, सोसणारा बसेल, वस्तू बसेल, अख्खं वाक्य बसेल. खुर्चीला मान आहे, माणसाला नाही. क्रियापद खुर्चीला सलाम करतं. मराठी माणसाला ही गोष्ट समजवायला वेगळं उदाहरण द्यायला नको, आपण सरकारी कार्यालयं पाहिलेली आहेत.

आणि ही खुर्ची इंग्रजीत रिकामी ठेवता येत नाही. आज्ञार्थ सोडला तर साध्या विधानात तिथे काहीतरी बसलंच पाहिजे. बसवायला कुणीच नसेल तर एसटीच्या खिडकीतून जागेवर रुमाल टाकतात तसा एक शब्द टाकून ठेवतात. 'इट इज रेनिंग'मधला 'इट' म्हणजे तो रुमाल. 'देअर आर थ्री मँगोज'मधला 'देअर' म्हणजेही रुमालच. त्याचा अर्थ 'तिथे' असा लावत बसलात तर 'तिथे टेबलावर तीन आंबे आहेत' असं भाषांतर होतं, आणि ते 'तिथे' कुठून आलं हे पोरगं सरांना विचारतं, आणि सर म्हणतात ते तसंच असतं. ते तसंच नसतं. त्याला कारण आहे, आणि ते एका मिनिटात सांगता येतं.

'देअर'च्या बाबतीत एक गंमत आहे. क्रियापद 'आर' झालं ते आंब्यांमुळे, पण प्रश्न करताना जागा बदलतो तो 'देअर': 'आर देअर थ्री मँगोज?' म्हणजे बसलाय रुमाल, हुकूम चालतोय आंब्यांचा. यातला सब्जेक्ट नक्की कोणता म्हणायचा यावर जुनी व्याकरणं एक सांगतात, आणि हडलस्टन आणि पुलम यांचं २००२ सालचं केंब्रिजचं जाडजूड व्याकरण 'देअर'ला सब्जेक्ट मानतं. विद्वानांनी खुशाल वाद घालावा. पण आठवीतल्या मुलासमोर हा वाद ठेवला तर तो भाषेकडे जास्त लक्षपूर्वक बघेल असं मला वाटतं. आपण त्याला वादाची चाहूलही लागू देत नाही, फक्त उत्तर पाठ करून घेतो.

मला खरा राग येतो तो 'कर्ता' या शब्दाच्या वापराचा. मराठीच्या तासाला हेच मूल प्रयोग शिकत असतं. 'ती आंबा खाते', 'तो आंबा खातो', इथे क्रियापद कर्त्याचं ऐकतं, कर्तरी. 'तिने आंबा खाल्ला', 'तिने चिंच खाल्ली', इथे खाणारी तीच, पण क्रियापद आंब्याचं किंवा चिंचेचं ऐकतं, कर्मणी. 'तिने मांजराला मारलं', 'त्यांनी मांजरांना मारलं', इथे क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, भावे. म्हणजे करणारा एक आणि क्रियापदाला नाचवणारा दुसरा असू शकतो, हे मराठी मुलाला पाचव्या वर्षापासून तोंडपाठ असतं. व्याकरणाच्या तासाला फक्त नाव मिळतं. इतकी तयार समज घेऊन ते मूल इंग्रजीच्या वर्गात येतं आणि तिथे त्याला सांगितलं जातं की कर्ता आणि सब्जेक्ट एकच. वर्ग तोच, बाक तोच, कधीकधी शिक्षकही तेच, आणि एका तासात शिकवलेलं दुसऱ्या तासात पुसून टाकलं जातं.

मराठीच्या पुस्तकात वाक्यपृथक्करण नावाचा धडा असतो. त्यात उद्देश्य आणि विधेय असे दोन विभाग करतात. सब्जेक्ट-प्रेडिकेटची खरी जोडी तीच आहे. शब्द तयार आहेत, मुलांना माहीत आहेत. तरीही इंग्रजीच्या तासाला उद्देश्याऐवजी कर्ता का घुसतो? मला वाटतं, सोपं वाटतं म्हणून. 'करतो तो कर्ता' हे लगेच डोक्यात बसतं. चुकीची गोष्ट लगेच डोक्यात बसणं यापेक्षा वाईट काही नाही.

पाणिनीकडे पाहिलं तर हा गोंधळ आणखीनच विचित्र वाटतो. त्याच्याकडे कर्ता हे कारक आहे, म्हणजे क्रियेशी असलेलं नातं. वाक्य कर्मणी केलं तरी कर्ता कर्ताच राहतो, फक्त त्याची विभक्ती बदलून तृतीया होते. खिडकीच्या वाक्यात पाणिनीच्या हिशेबाने कर्ता रवीच. म्हणजे सब्जेक्टची खुर्ची सोडून गेला तरी कर्तेपण ज्याच्याकडे उरतं, त्यासाठी आपल्याकडे अडीच हजार वर्षांच्या आसपास जुना, नेमका शब्द आहे. तोच शब्द उचलून आपण खुर्चीला चिकटवला. 'संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा' असे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या मंडळींनी त्यातला एक टक्का उत्साह इकडे वळवला असता तरी भागलं असतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला कुठल्याच मराठी गाइडात दिसलेली नाही आणि जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. मराठीत नामाचा लवाजमा नामाच्या आधी येतो. 'गेटजवळ लावलेली गाडी', 'फी न भरलेल्या विद्यार्थ्यांची यादी'. वरात पुढे, नवरदेव मागे. त्यामुळे मुख्य नाम आपोआप लवाजम्याच्या शेवटी येतं आणि क्रियापदाकडे तोंड करून उभं असतं. 'फी न भरलेल्या विद्यार्थ्यांची यादी फळ्यावर लावली आहे.' लावली, कारण यादी. कुणाचाही गोंधळ होत नाही. इंग्रजीत उलटं. नवरदेव पुढे, वरात मागे. 'दि लिस्ट ऑफ स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड दि फीज इज ऑन दि बोर्ड.' 'लिस्ट' पार तिकडे, 'इज' इकडे, मधे विद्यार्थी आणि फिया गर्दी करून उभे. मराठी कान क्रियापदाच्या जवळचं नाम पकडायला सरावलेला असतो, तो 'फीज' पकडतो आणि 'आर' लिहून मोकळा होतो.

गोऱ्या लोकांचीही इथे घसरगुंडी होते. बॉक आणि मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रयोग करून दाखवलं की मातृभाषा इंग्रजी असलेली माणसंही मधे अनेकवचनी नाम आलं की क्रियापद चुकतात. तेव्हा लाज वाटून घ्यायचं कारण नाही. पण त्यांना निदान नवरदेव पुढे असतो हे घरातच कळलेलं असतं. आपल्याला ते कुणीतरी सांगायला हवं होतं. एक वाक्य. पुरेसं होतं.

त्याऐवजी काय मिळालं, तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतले सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंटचे नियम. 'वन ऑफ'नंतर अनेकवचनी नाम आणि एकवचनी क्रियापद. 'दि क्वालिटी ऑफ' आलं की एकवचन. 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज' आलं तर पहिल्याकडे बघा. 'ईच ऑफ'ला एकवचन. बँकेची परीक्षा देणारे माझे मित्र हे नियम वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे आणि एसटीत बसून घोकायचे. यातले बहुतेक नियम म्हणजे नवरदेव ओळखा या एकाच गोष्टीचे वेगवेगळे फोटो आहेत. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज इन नाशिक'मध्ये नवरदेव 'वन', बाकी वरात. झालं. 'नायदर-नॉर'सारखे दोन-चार खरोखर वेगळे निघतील, ते पाठ करा हवं तर. पण एका विचाराचे पंधरा तुकडे करून पंधरा नियम म्हणून विकणं हा क्लासवाल्यांचा धंदा आहे, आणि तो चालतो कारण शाळेने विचार दिलेला नसतो.

आणखी एक वाक्य घेऊ: 'दि कार पार्क्ड निअर दि गेट बिलाँग्ज टु माय अंकल.' शाळेतल्या सवयीने डोळा पहिल्या क्रियापदासारख्या दिसणाऱ्या शब्दावर थांबतो: 'पार्क्ड'. हू पार्क्ड? कार. रेघ 'कार'नंतर. मग 'बिलाँग्ज' आला की वाक्य तुटतं आणि मूल पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतं. आता 'हू' विसरा. या वाक्याचा हो-नाहीचा प्रश्न करा. 'डझ दि कार पार्क्ड निअर दि गेट बिलाँग टु युवर अंकल?' 'डझ' पुढे आला, त्यासाठी 'बिलाँग्ज'चा शेपटीचा 'एस' गेला. म्हणजे मुख्य क्रियापद ते. 'पार्क्ड'ला धक्काही लागला नाही. आणि 'डझ' ज्याच्या पुढे जाऊन बसला आणि जिथपर्यंतचं सगळं जसंच्या तसं राहिलं, तो अख्खा तुकडा सब्जेक्ट: 'दि कार पार्क्ड निअर दि गेट'. खात्री करायची तर सगळा तुकडा काढून तिथे 'इट' ठेवा. 'इट बिलाँग्ज टु माय अंकल.' वाक्य उभं राहिलं. किंवा कार एकाऐवजी दोन करा आणि कुठलं क्रियापद हलतं ते बघा. कोडमध्ये आपण हेच करतो. एक गोष्ट बदलायची आणि काय मोडतं ते पाहायचं. याला व्याख्या लागत नाही, हात लागतो.

(जाता जाता: 'आय', 'ही', 'शी', 'दे' हे खुर्चीतले कपडे आणि 'मी', 'हिम', 'हर', 'देम' हे खुर्चीबाहेरचे. मराठीतला 'मी' खुर्चीत बसतो, शाळेच्या इंग्रजीतला 'मी' बसत नाही. उच्चार एक, नशीब वेगळं. पाचवीत हे कुणी सांगितलं असतं तर मी ते जन्मभर विसरलो नसतो.)

आता पणाला काय लागलंय ते सांगतो. माझ्या आधीच्या कंपनीत एक सहकारी होता. मराठवाड्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला, अल्गोरिदममध्ये आमच्या टीममध्ये सगळ्यात तेज. त्याला एक काम आलं. स्पेकमध्ये अशा अर्थाचं वाक्य होतं: 'दि नंबर ऑफ रिक्वेस्ट्स दॅट फेल बिकॉज दि सर्व्हर डझ नॉट रिस्पॉन्ड विदिन फाइव्ह सेकंड्स इज लॉग्ड एव्हरी मिनिट.' त्याने प्रत्येक फसलेली रिक्वेस्ट लॉग करायचा कोड लिहिला. मिनिटाला एक आकडा हवा होता, तिथे गर्दीच्या वेळी हजारो ओळी पडायला लागल्या आणि सर्व्हरची डिस्क भरली.

आता शाळेचा नियम लावून बघा. पहिलं क्रियापद 'फेल'. हू फेल? रिक्वेस्ट्स. सब्जेक्ट रिक्वेस्ट्स. म्हणजे काय लॉग करायचं? रिक्वेस्ट्स. त्याने नियम मोडला नव्हता, तंतोतंत पाळला होता. वाक्याचा प्रश्न केला असता, 'इज दि नंबर ऑफ रिक्वेस्ट्स', तर नवरदेव 'नंबर' आहे हे पहिल्या सेकंदाला दिसलं असतं. अप्रेझलमध्ये त्याच्या नावापुढे शेरा आला की कम्युनिकेशन सुधारण्याची गरज आहे, आणि त्याला सॉफ्ट स्किल्सच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथे दोन दिवस हस्तांदोलन कसं करावं, नजरेला नजर कशी द्यावी आणि स्वतःची ओळख साठ सेकंदांत कशी करून द्यावी हे शिकवलं. वाचन नक्की कुठल्या शब्दावर घसरलं हे कुणी विचारलं नाही. त्याला स्वतःलाही ते कळलं नाही. त्याने स्वतःबद्दल जे मत करून घेतलं ते असं की आपल्याला इंग्लिश जमत नाही. पुढे क्लायंट कॉलवर तो म्यूटच असायचा.

'कम्युनिकेशन वीक' हा शेरा आयटीत जातीच्या दाखल्यासारखा चिकटतो. तो बहुतेक वेळा उच्चारांवरून मारला जातो, आणि वाचनातल्या अडचणीही त्याच पोत्यात कोंबल्या जातात. उच्चार सुधारायला वर्षं लागतात आणि खरं तर ते सुधारायची गरजही नसते. वाक्य फोडायला शिकायला महिनाभर पुरतो. पण महिनाभराचं काम कुणी करत नाही, कारण ते 'आठवीचं ग्रामर' आहे आणि मोठ्या माणसाला आठवीचं ग्रामर शिकवणं अपमानास्पद वाटतं.

सब्जेक्ट आणि कर्ता वेगळे केले की वाचणाऱ्याच्या हातात दोन प्रश्न येतात. खुर्चीत कोण आहे, आणि करणारा कोण आहे. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त कामाचा, पण पहिला सुटल्याशिवाय तो सुचतच नाही. भाड्याच्या फ्लॅटचा करार काढून बघा. 'दि कॉस्ट ऑफ पेंटिंग अँड एनी रिपेअर्स शॅल बी डिडक्टेड फ्रॉम दि डिपॉझिट' अशा छापाचं एक तरी वाक्य सापडेल. खुर्चीत 'कॉस्ट'. कापणारा कोण? किती कापायचं ते ठरवणार कोण? खुर्चीत खर्च बसवून मालक वाक्यातून निघून गेलाय. ज्याच्या डोक्यात सब्जेक्ट म्हणजेच कर्ता असं बसलंय त्याला हे निघून जाणं दिसत नाही, कारण त्याच्या मते खुर्ची भरलेली आहे म्हणजे सगळं ठीक आहे. अकरा महिन्यांनी डिपॉझिटमधून पैसे कापले जातात तेव्हा दिसतं.

ऑफर लेटरमध्येही हेच. 'दि एम्प्लॉयी शॅल' आणि 'दि कंपनी मे' ही वाक्यं मोजा. बंधन कुणाच्या खुर्चीवर, मुभा कुणाच्या खुर्चीवर. सहीच्या आधी फक्त सब्जेक्ट आणि पहिलं क्रियापद एवढंच वाचत गेलात तरी कराराचा सांगाडा दहा मिनिटांत हातात येतो. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांना या गोष्टीचं महत्त्व नीट कळलेलं होतं. १९९७ सालचं आरएफसी २११९ नावाचं एक छोटं टिपण आहे, त्यात 'मस्ट', 'शुड', 'मे' हे शब्द नेमके कोणत्या ताकदीने वापरायचे ते ठरवून दिलंय. पण 'मस्ट'ची ताकद ज्याच्यावर पडते तो सब्जेक्ट असतो. 'दि क्लायंट मस्ट रिफ्रेश दि टोकन' म्हटलं तर काम माझं. 'दि टोकन मस्ट बी रिफ्रेश्ड' म्हटलं तर दोन टीम तीन मीटिंग घेतात.

मराठीत ही विद्या आपल्या प्रशासनाने कळसाला नेलीय. 'कारवाई करण्यात येईल.' 'नोंद घेण्यात यावी.' 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येत आहे.' वाक्यात माणूस औषधालाही नाही. ही वाक्यं वाचून आपण लगेच विचारतो, पण करणार कोण? म्हणजे मराठीत आपल्याला हा दुसरा प्रश्न सहज सुचतो. इंग्रजीत सुचत नाही, कारण तिथे पहिला प्रश्नच चुकीचा शिकवलाय.

प्रेडिकेटबद्दल तर बोलूच नये अशी स्थिती आहे. 'उरलेलं सगळं' ही काय व्याख्या झाली? 'येस्टरडे माय मदर बॉट टोमॅटोज.' रेघ कुठे मारणार? 'येस्टरडे' प्रेडिकेटचा भाग, पण तो सब्जेक्टच्या डावीकडे. 'हॅज युवर फादर कम?' सब्जेक्ट मधोमध, प्रेडिकेट दोन्हीकडे. एका रेघेत हे मावत नाही. दोन भागांत वाक्य तोडायची ही सवय मुळात ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रातून आली, जिथे 'सगळी माणसं मर्त्य आहेत' छापाची विधानं तपासायची होती. त्या कामाला दोन तुकडे पुरत होते. १८७९ साली फ्रेगे नावाच्या जर्मन गणितज्ञाने ही जोडी आपल्या तर्कशास्त्रातून बाजूला काढली आणि फंक्शन आणि आर्ग्युमेंट आणले. रवीने खिडकी फोडली, यात 'फोडणे' हे फंक्शन, रवी आणि खिडकी ही दोन आर्ग्युमेंट्स. कोडिंग करणाऱ्या कुठल्याही पोराला हे चटकन कळेल. प्रोग्रामिंगमध्ये आपण ज्याला प्रेडिकेट म्हणतो, काहीतरी घेऊन खरं किंवा खोटं परत देणारं फंक्शन, ते याच घराण्यातलं. लुसियाँ तेनिएर या फ्रेंच माणसाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९५९ साली आलं. त्यात क्रियापद हाच वाक्याचा राजा आहे आणि सब्जेक्ट त्याच्या दरबारातला एक. आजचे बरेच पार्सर या धर्तीवर चालतात. मशीनला शिकवताना आपण क्रियापदापासून सुरुवात करतो आणि मुलांना शिकवताना मात्र क्रियापद 'उरलेल्या'त टाकतो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: व्याकरणाने भाषा येत नाही, ऐकून येते. हे म्हणणाऱ्यांच्या घरात सहसा इंग्रजी ऐकू येत असतं. ज्या गावात इंग्रजी फक्त इंग्रजीच्या तासाला ऐकू येतं, आणि तेही अर्धं मराठीतून, तिथल्या मुलाला तुम्ही ऐकून शिक म्हणता तेव्हा त्याने नक्की कुणाचं ऐकायचं? आपल्या आजोबांची पिढी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसली आणि वकील, मामलेदार, संपादक झाली. त्यांनी बीबीसी ऐकलं नव्हतं. मी व्याकरणाचे तास वाढवा म्हणत नाही. उलट कमी करा, वाचन वाढवा. पण जे थोडं व्याकरण ठेवाल ते वाचताना उपयोगी पडणारं ठेवा. ज्याच्याकडे दुसरा जिना नाही त्याच्या शिडीच्या पायऱ्या तरी नीट ठोका.

दुसरा आक्षेप आजकालचा: आता एआय आहे, ते सगळं समजावून सांगतं. सांगतं, मीही विचारतो. पण सोपं करून सांगताना त्याने 'नंबर'चा 'रिक्वेस्ट्स' केला तर ते तुम्ही कशाच्या जोरावर पकडणार? आणि करारावर सही तुमची असते.

शिक्षकांवर मला फार राग काढायचा नाही. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या, वर जनगणनेची आणि निवडणुकीची कामं करणाऱ्या बाईंनी पुस्तकात आहे ते शिकवलं तर त्यांचं काय चुकलं? माझा रोख पेपर काढणाऱ्यांवर आणि गाइड लिहिणाऱ्यांवर आहे. पेपरात पाच शिवलेली वाक्यं देऊन 'सब्जेक्ट अधोरेखित करा' म्हणायच्या ऐवजी एकच खरं वाक्य द्या. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात शोभेल असं: 'दि ब्लड दॅट रिटर्न्स फ्रॉम दि लंग्ज टु दि लेफ्ट साइड ऑफ दि हार्ट कॅरीज ऑक्सिजन.' सब्जेक्टला अर्धा मार्क, मुख्य क्रियापदाला अर्धा, आणि एक मार्क या प्रश्नाला: ऑक्सिजन वाहून नेतं कोण, हृदय, फुप्फुसं की रक्त? पोरांना उत्तर मराठीत लिहू द्या.